बाबा सपोर्ट मोडवर आहेत म्हंजे श्वास कोण घेतंय, ते की मशीन?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की वडील ६४ वर्षांचे, तीस वर्षं बिडी, दम्याचा जुना त्रास, धुळ्याला आयसीयूत सहा दिवस झाले व्हेंटिलेटरवर. डॉक्टर म्हणतात "आता सपोर्ट मोडवर आहेत, श्वास स्वतः घेतायत", तर मग मशीन काढत का नाहीत, मधेच "मशीनशी भांडतायत" म्हणून झोपेचं इंजेक्शन का देतात, आणि मामा म्हणतात की मेलेल्या माणसालाही मशीनवर ठेवून बिल वाढवतात, ते खरं का.

मी बावीस वर्षं भूल आणि आयसीयू हेच करतोय, जळगाव-धुळे पट्ट्यातच. वडलांचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना डावलून औषध-बिषध काही सांगणार नाही, पण मशीन काय करतंय ते एकदा नीट कळलं ना की तुमची अर्धी धास्ती कमी होईल आणि डॉक्टरांना काय विचारायचं तेही कळेल.

आखाजीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, आपल्याकडे झोके बांधतात ते आठवा. पोरगी झोक्यावर बसलेली आहे आणि तुम्ही मागून झोका देताय. झोका मागे येऊन पुढे निघाला की नेमका त्याच क्षणी पाठीला हात लागला पाहिजे, मग जोर फार लागतच नाही. तो मागे येत असतानाच ढकललं तर तिला हिसका बसतो आणि तुमचं मनगट दुखतं. आणि पोरगी स्वतः पाय मारून झोका घेणारी असेल तर नुसता हात लावला तरी पुरतं. सपोर्ट मोड म्हंजे एवढंच. झोका बाबा घेतायत, मशीन मागून हात लावतंय. पहिल्या दिवशी ते बेशुद्ध होते तेव्हा मशीन ठरलेल्या वेळी ठरलेला श्वास देत होतं, आता श्वास कधी घ्यायचा ते बाबा ठरवतात. म्हंजे "मशीन का बाबा" असा प्रश्नच नाही, दोघं मिळून चाललंय, आणि आमचं सगळं काम रोज त्यातला बाबांचा वाटा थोडा थोडा वाढवत नेणं.

आता मशीनला कळतं कसं की बाबांनी श्वास घ्यायला सुरुवात केली? पाइपमधून मशीन थोडी हवा सतत फिरवत ठेवतं, जितकी सोडली तितकीच परत येते. पेशंटने जरा ओढ घेतली की परत येणारी हवा कमी होते, मिनिटाला दोन लिटरच्या हिशोबाने कमी झाली तरी मशीन ओळखतं की याने ओढलं, आणि लगेच व्हॉल्व्ह उघडून प्रेशरने हवा देतं. याला ट्रिगर म्हणतात. मग पेशंटची ओढ संपत आली की आत जाणारी हवा मंदावते, सुरुवातीच्या जोराच्या साधारण २५ टक्क्यांवर आली की मशीन समजतं आता पुरे, आणि सोडून देतं. कधी सुरू करायचं, किती जोर लावायचा, कधी सोडायचं, तीनच गोष्टी. ऐकायला सोप्या आहेत पण सगळी भांडणं या तिघांतच होतात.

त्यात तुमच्या वडलांसारखे बिडीवाले दम्याचे पेशंट सगळ्यात अवघड. त्यांची हवा आत जाते पण बाहेर यायला फार वेळ लागतो, पूर्ण बाहेर पडायच्या आधीच पुढचा श्वास येतो, मग छातीत हवा अडकून राहते आणि आतलं प्रेशर वाढून बसतं. समजा आत ८ सेंटिमीटर जास्तीचं प्रेशर आहे (हे पाण्याच्या उंचीत मोजतात) आणि मशीनला जाणवायला २ सेंटिमीटरची ओढ लागते असं धरलं, तर बाबांनी पहिले ते ८ तोडायचे आणि मग वरचे २, म्हंजे १० ची ओढ लावायची, तेव्हा कुठे मशीनला कळणार. दमलेला माणूस कुठून लावणार. तो ओढतो, पोट हलतं, आणि मशीनला काहीच ऐकू जात नाही. हाक मारतोय पण दार बंद.

एक आजीबाई सांगतो. यावलकडच्या, आयुष्यभर चुलीपुढे, बिडी कधी शिवली नाही पण फुप्फुसं बिडीवाल्यासारखीच. सपोर्ट, म्हंजे मशीनच्या हाताचा जोर, १८ वर होता (तोही त्याच सेंटिमीटरमध्ये), स्क्रीनवर श्वासाचा आकडा १९, ऑक्सिजन ९४, कागदावर सगळं छान, आणि आजी घामाने डबडबलेल्या, नजर सैरभैर. मी पोटावर हात ठेवला आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं तर पोट ३२ वेळा हललं. म्हंजे तेरा वेळा त्या बाईने जीव तोडून ओढलं आणि मशीनने दाद दिली नाही. स्क्रीनवर नीट बघितलं तर हवा बाहेर यायच्या रेषेत मधे बारीक बारीक खाचा दिसत होत्या, ते तेच वाया गेलेले श्वास. आता कुणाला वाटेल की बिचारी दमलीय, सपोर्ट वाढवा. आम्ही उलट केलं, सपोर्ट १८ वरून १२ वर आणला, कारण जास्त जोराने हवा भरली की तितकी जास्त अडकते. सोबत हवा लवकर सोडून द्यायची सेटिंग २५ वरून ४५ टक्क्यांवर नेली, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन पाइपमध्ये धरून ठेवतं ते प्रेशर) जरासं वाढवलं, नेब्युलायझेशन दिलं. मुलगा बाहेर भांडायला उठला, म्हणे "आईला त्रास होतोय आणि तुम्ही मशीन कमी करताय?" त्याचंही चूक नव्हतं, दिसताना तसंच दिसतं. पाऊण तासाने हात ठेवला तर पोट २३, स्क्रीन २२. आजी झोपल्या होत्या, इंजेक्शन न देता.

त्यामुळे "मशीनशी भांडतायत" हा शब्द मला जरा खटकतो, आम्ही सगळेच वापरतो, मीपण वापरतो. पण बहुतेक वेळा पेशंट भांडत नसतो, मशीन त्याचं ऐकत नसतं. फ्रान्समध्ये २००६ साली ६२ पेशंटवर बारकाईने मोजलं होतं, त्यात जवळजवळ चौथ्या हिश्श्यात, २४ टक्के लोकांत, दर दहा श्वासांत एकापेक्षा जास्त श्वासाचा ताळमेळ चुकत होता. आणि तो चांगला, मोजमाप करणारा आयसीयू.

झोपेच्या इंजेक्शनबद्दल. माझीच एक चूक सांगतो, शिकत होतो तेव्हाची. रात्रीची ड्यूटी, कपाशीवर फवारायचं औषध पोटात गेलेला तरुण शेतकरी, तिसरा दिवस, अचानक उसळायला लागला, प्रेशरचा अलार्म थांबेना. मी झोपेचं दिलं, तरी थांबेना तर स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं. उसळणं थांबलं, अलार्म चालूच, आणि ऑक्सिजन उतरायला लागला. एका जुन्या सिस्टरने मला अक्षरशः बाजूला सारलं, कफ ओढून काढायची सक्शनची नळी घातली तर ती अर्ध्यातच अडली, ट्यूबमध्ये वाळलेल्या कफाचं बूच बसलेलं. ट्यूब बदलली आणि पोरगा वाचला. तो भांडत नव्हता हो, गुदमरत होता, आणि मी त्याचे हातपायच बांधून टाकले होते. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय, आधी पेशंटला मशीनवरून काढून हाताने बॅग द्यायची, म्हंजे रबरी पिशवी दाबून श्वास द्यायचा, हाताला कळतं कुठे अडतंय, मग ट्यूब, मग सक्शन, मग छाती ऐकायची, मग सेटिंग, मग त्याला दुखतंय का, लघवी तुंबलीय का, ताप आहे का, आणि सगळ्यात शेवटी इंजेक्शन.

पण हेही सांगितलं पाहिजे की इंजेक्शन नेहमी चुकीचं नसतं. फुप्फुस फार खराब असेल, मोठा न्यूमोनिया वगैरे, तर पेशंटची स्वतःची ओढच इतकी जोरात असते की फुप्फुस आतून ताणून आणखी खराब होतं. अशा फुप्फुसाला उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे ६ मिली श्वास द्यायचा असतो, म्हंजे मध्यम उंचीच्या पुरुषाला चारशेच्या आत, आणि हा गडी स्वतः ओढून सातशे-आठशे घेत असतो. तिथे काही काळ झोपवणं, कधीकधी स्नायू पूर्ण सैल करणं हाच उपचार. म्हणून डॉक्टरांना "इंजेक्शन का देता" असं रागाने विचारू नका, "कशामुळे अस्वस्थ आहेत असं वाटतं" हे विचारा. त्यांच्याकडे कारण असेल तर ते सांगतील.

मग सरळ झोपवून ठेवून मशीनलाच सगळं करू दिलं तर काय बिघडलं, असंही लोक विचारतात. बिघडतं. छाती आणि पोटाच्या मधे डायफ्रॅम नावाचा स्नायूचा पडदा असतो, श्वासाचं मुख्य काम त्याचं. पाय प्लास्टरमध्ये असला की पोटरी कशी सुकते बघितलंय ना, डायफ्रॅम त्याहून लवकर सुकतो. २००८ साली अमेरिकेत मेंदूमृत (मेंदू कायमचा बंद, पण हृदय चालू) अवयवदात्यांचे डायफ्रॅम तपासले होते, १८ ते ६९ तास मशीनवर, डायफ्रॅमला काहीच काम नाही, आणि तेवढ्यात स्नायूचे धागे निम्म्याहून बारीक झालेले होते. तीन दिवससुद्धा नाहीत! म्हणून बाबा स्वतः ओढतायत ही चांगली बातमी आहे, थोडा व्यायाम पाहिजेच. पण डायफ्रॅमला जास्त राबवलं तर तोही थकतो. मधलं शोधायचं, आणि ते रोज बदलतं, सकाळचं संध्याकाळी चालत नाही.

मघाशी बॅग देताना हाताला कळतं म्हणालो त्यावरून आठवलं. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली होती, लोखंडी पेटीसारखी श्वासाची मशिनं होती पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन म्हणून भूलतज्ज्ञ होता, त्याने गळ्याला छिद्र करून ट्यूब टाकायला लावली आणि हाताने रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली, साधारण दीड हजार मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत बसले. तोवर श्वास बंद पडलेले शंभरातले ऐंशीच्या वर जात होते, तो आकडा झपाट्याने खाली आला. आयसीयू नावाचा प्रकार तिथून सुरू झाला असं मानतात. मला त्यात आवडतं ते हे की सपोर्ट मोडसुद्धा खरं तर तेव्हाच सुरू झाला असणार, कारण तासन्‌तास पिशवी दाबणाऱ्या पोराच्या हाताला कळतंच की आता हा स्वतः ओढायला लागलाय. मी स्वतः चोपड्याहून जळगावपर्यंत अँब्युलन्समध्ये बॅग दाबत आलोय, पावसात, रस्ता असा की विचारू नका, आणि धरणगाव यायच्या सुमाराला हातातली पिशवी स्वतःहून बारीकशी आत गेली. पेशंट मण्यार चावलेला. ती ओढ मला अजून हातात आठवते.

मण्यार चावल्याची केस वेगळी असते बरं का. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात जमिनीवर झोपलेली माणसं, रात्री चावतं, दुखत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटत येतात, मग श्वास. आत माणूस पूर्ण जागा असतो पण बोटही हलत नाही. तिथे सपोर्ट मोडचा उपयोग शून्य, कारण पेशंट हाकच मारू शकत नाही, तिथे मशीनने सगळं करायचं आणि विष उतरायची वाट बघायची. फवारणीच्या औषधात आणखी एक फसवणूक असते, पहिला धोका टळला, पेशंट बोलला-बसला, आणि एक ते चार दिवसांत पुन्हा मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. म्हणून तसल्या पेशंटला आम्ही ट्यूब काढायच्या आधी उशीवरून डोकं उचलायला लावतो. नाही उचललं तर नाही काढत, मग नातेवाइक कितीही म्हणोत.

आता मामांचा प्रश्न. खरं बोलायचं तर सपोर्ट मोडमध्ये मेलेला माणूस ठेवताच येत नाही. पेशंटने ओढलंच नाही तर साधारण वीस सेकंदात मशीन बोंबलायला लागतं आणि स्वतःहून ठरलेले श्वास देणाऱ्या मोडवर जातं. आणि हृदय थांबलं की व्हेंटिलेटर काही करू शकत नाही, तो फक्त हवा ढकलतो, रक्त नाही. मेंदूमृत हा प्रकार वेगळा, त्यात हृदय चालू असतं आणि श्वास मशीनचा असतो, त्याच्या कायद्याने ठरलेल्या तपासण्या असतात, ठरवून दिलेले डॉक्टर मिळून दोनदा करतात. मात्र एक गंमत आहे, गंमत म्हणू नये खरं तर. मशीन कधीकधी खोटी हाक ऐकतं. पाइपमध्ये पाणी साचलेलं असेल आणि ते डुचमळलं तर मशीनला वाटतं पेशंटने ओढलं. कुठे हवा लीक होत असेल तरी तसंच. ट्रिगर फार हळवा ठेवला असेल तर नुसत्या हृदयाच्या ठोक्यानेही व्हॉल्व्ह उघडतो, मेंदूमृत पेशंटमध्येसुद्धा, आणि घरच्यांना स्क्रीनवर "स्वतःचा श्वास" दिसतो आणि आशा लागते. एकदा मे महिन्यात, बाहेर ४५ डिग्री, आत एसी कडक, म्हणून पाइपमध्ये पाणी धरलं होतं, एका पेशंटचा श्वास एकदम ३८ दाखवायला लागला, वॉर्डबॉयने पाइप उचलून पाणी काढून टाकलं आणि आकडा १८. औषध काही नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, स्क्रीन नंतर, आधी चादर बाजूला करून छाती बघा.

डायफ्रॅमच्या विजेचे सिग्नल नाकातून घातलेल्या नळीने टिपून त्याप्रमाणे श्वास देणारी मशिनंही आहेत, १९९९ पासून ती कल्पना आहे, खोटी हाक, न ऐकलेली हाक दोन्ही त्यात बऱ्याच कमी होतात. पण त्याने माणसं जास्त वाचतात असं अजून ठाम दिसलेलं नाही, आणि नळी महाग. त्याच्या मागे लागून वडलांना इकडून तिकडे हलवू नका.

मशीन काढत का नाहीत. स्वतः ओढतायत याचा अर्थ एकट्याने जमेल असा नाही. आधी सपोर्ट उतरवत ५ ते ८ वर आणतात, झोपेचं औषध सकाळी बंद करून जागं करतात, मग अर्धा ते दोन तास जवळजवळ मशीनशिवाय श्वास घ्यायची परीक्षा. श्वास ३५ च्या वर गेला, घाम फुटला, ऑक्सिजन उतरला की नापास, पुन्हा मशीन, उद्या पुन्हा परीक्षा. दोन-तीनदा नापास होणं दम्याच्या पेशंटमध्ये नवल नाही. पास झाले तरी खोकला जोरात येतो का, कफ किती आहे हे बघतात. ट्यूब काढल्यावरही दहातल्या एखाद्याला ती परत टाकावी लागते, म्हणून लगेच "आधीच का काढली" असं धरून बसू नका. तुमच्या वडलांना बहुतेक ट्यूब काढल्या काढल्या मास्कवाला बायपॅप लावतील, तोही हाकेला ओ देणाराच प्रकार, फक्त बाहेरून. त्याची भीती नको.

रोज राउंडला एवढंच विचारा की काल सपोर्ट किती होता आणि आज किती, जागे केले होते का, परीक्षा घेतली का आणि नापास कशात झाले. आकडे वहीत लिहा. १६, १४, १४, १० असं उतरत असेल तर गाडी रुळावर आहे. तेच तेच चार दिवस असेल तर शांतपणे विचारायला हरकत नाही. बिलाचं म्हणाल तर हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर काउंटरला आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच भेटा, डिस्चार्जची वाट बघू नका.

आणि भेटायला आत सोडतात त्या पाच मिनिटांत रडू नका, त्यांच्याशी बोला, अहिराणीत बोलत असाल घरी तर अहिराणीतच. आम्ही "डीप ब्रेथ घ्या बाबा" म्हणत बसतो आणि एखाद्याची सून येऊन "आबा, कसं वाटस आते? घर जानं शे ना?" म्हणाली की त्या माणसाचा श्वास ३० वरून २४ वर आलेला मी स्क्रीनवर बघितलाय. तोंडात ट्यूब असल्यामुळे त्यांना बोलता येणार नाही, तर हो-नाहीचे प्रश्न विचारा, हात दाबायला सांगा. चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर घरून घेऊन जा, बरेचदा तेच विसरलेलं असतं आणि आम्ही समजतो पेशंट गोंधळलाय. ट्यूब निघाली की पहिले एक-दोन दिवस आवाज घोगरा येईल, पाणी मागतील, हट्ट करतील, पण गिळता येतंय का बघून सिस्टर सांगेल तेव्हाच चमच्याने द्या, त्याच्या आधी थेंबही नाही.